पीळ, परिबल आणि टॉर्क

– मुख्याध्यापिका, एम. ए., बी. एड.

(प्रशालेच्या हीरकमहोत्सवी वर्षात चेन्नई येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी ते काहीसे संक्षिप्त केले आहे.)



हीरकमहोत्सवानिमित्त पुण्यात आणि मुंबईत मेळावे होणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. परंतु सोलापूरकडच्या एका मराठी शाळेचे विद्यार्थी बंगालच्या उपसागराच्या काठी एकत्र जमतील आणि आपल्या बाईंना बोलावून घेतील, हे मात्र मनात आले नव्हते. वास्तविक मुंबई-चेन्नई लोहमार्ग आपल्या सोलापुरावरूनच जातो. ती गाडी आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिली. तिच्यात बसून कोणी पेरांबूरला, कोणी ओरगडमला, कोणी श्रीपेरुम्बुदूरला पोहोचले आणि तेथेच राहिले, हे मला या दोन दिवसांत नीट कळले.

संयोजकांनी मला ‘शाळेची साठ वर्षे’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. तो विषय मी सोडते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. शाळेचा इतिहास स्मरणिकेत येणारच आहे. आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. काल सकाळी घडलेला एक प्रसंग त्याला कारण झाला.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे अंबत्तूर येथे लहानसे वर्कशॉप आहे. त्याचे नाव घेत नाही; तो मागच्या रांगेत बसला आहे आणि आधीच संकोचलेला दिसतो आहे. त्याने मोठ्या हौसेने मला सारे वर्कशॉप दाखवले. एका कारागिराच्या हातात लांब दांड्याचा पाना होता. तो बोल्ट आवळत होता आणि एका ठरावीक क्षणी त्या पान्यातून ‘टक्’ असा आवाज आला. कारागीर तत्काळ थांबला आणि पुढच्या बोल्टकडे वळला. मी विचारले, हा आवाज कसला? विद्यार्थी म्हणाला, “बाई, हा टॉर्क रेंच. किती टॉर्क द्यायचा ते आधी त्याच्यावर लावून ठेवायचं. तेवढा झाला की तो सांगतो, बास.” बोल्ट कमी आवळला तर धक्क्यांनी सैल होतो, अधिक आवळला तर ताणला जातो किंवा त्याचे आटे जातात. म्हणून ‘घट्ट आवळ’ एवढे सांगून येथे भागत नाही. किती घट्ट, हे अंकात सांगावे लागते.

त्याची दहा वर्षांची मुलगी आमच्याबरोबर होती. ती इंग्रजी शाळेत शिकते, मैत्रिणींशी तमिळ बोलते आणि घरी मराठी. तिने मला विचारले, “बाईआजी, टॉर्कला मराठीत काय म्हणतात?”

मी मराठीची एम. ए. तीसएक वर्षे भाषा शिकवली. पण मला चटकन उत्तर देता आले नाही. मी विचार करते आहे तोवर तो तमिळ कारागीर म्हणाला, “मुरुक्कु विसै.” मुलगी खुदकन हसली, कारण मुरुक्कू म्हणजे आपली चकली. आणि तिचे वडील, माझ्याकडे न पाहता, पाना पुसत म्हणाले, “बाई, पीळ. तुम्हीच तो शब्द खोडला होता.”

मला काही आठवेना. मग त्याने आठवण करून दिली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो वर्ग उभा राहिला.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट असावी. विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर होते. बदली शिक्षक मिळेना, म्हणून दोन महिने आठवीच्या वर्गावर विज्ञानाचा तास मी घेतला. साधी यंत्रे, तरफ, टेकू, भार हे भाग मी पुस्तकात वाचत होते आणि दुसऱ्या दिवशी शिकवत होते. चाचणीत मी प्रश्न विचारला होता : पहारीने दगड हलवताना हात टेकूपासून लांब का धरतात? या मुलाने लिहिले होते : ‘टेकूपासून लांब धरलं की तेवढ्याच जोरात पीळ जास्त बसतो.’ मी लाल शाईने ‘पीळ’ खोडला, त्यावर ‘बल’ असे लिहिले, आणि बोलीभाषेतील शब्द वापरल्याबद्दल अर्धा गुण कापला.

आता माझी दुरुस्ती मुलाच्या वाक्यात घालून वाचा : ‘तेवढ्याच जोरात बल जास्त बसते.’ जोर म्हणजेच बल. मग तेवढ्याच बलात बल जास्त कसे होईल? मुलाचे वाक्य शास्त्रदृष्ट्या बरोबर होते आणि बाईंनी दुरुस्त केलेले वाक्य चूक होते. आजोबा घायपाताचे दोर वळत असत, त्यामुळे त्या मुलाच्या जवळ दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द होते. दोराच्या टोकाला काठी अडकवून ती फिरवायची. हाताने लावायचा तो जोर, आणि दोराला बसतो तो पीळ. आखूड काठीने जोर फार लागतो, लांब काठीने कमी. पीळ मात्र तोच. त्याच्या घरातील हे ज्ञान माझ्या अपुऱ्या वाचनाने खोडून टाकले होते.

म्हणून आज या शब्दाकडे नीट पाहावे असे मी ठरवले. काल दुपारपासून आपल्यातील अभियंत्यांना मी पुष्कळ प्रश्न विचारून भंडावले आहे. जे समजले ते माझ्या भाषेत सांगते. चुकले तर त्यांनी येथेच थांबवावे.

टॉर्क म्हणजे ‘फिरवणारे बल’ असे सर्रास म्हटले जाते. माझीही समजूत तीच होती. परंतु टॉर्क हे बल नव्हे. एखादे बल एखाद्या आसाभोवती वस्तूला फिरवण्यास कितपत समर्थ आहे, याचे ते माप आहे. ते केवळ बलावर अवलंबून नसते. बल आसापासून किती अंतरावर लावले आणि कोणत्या दिशेने लावले, या दोन गोष्टीही त्यात येतात. बल त्या अंतराच्या रेषेशी काटकोनात असेल, तर बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क.

हे पडताळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. घरचे दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, आणि मग कडीजवळ ढकलून पाहा. किंवा दार त्याच्या फळीच्या रेषेत, बिजागरीच्या दिशेने ढकला. कितीही बल लावा, दार फिरणार नाही. बल आहे, पण टॉर्क शून्य. आपल्या आजीच्या जात्याचा खुंटा पाळीच्या काठाशी का बसवलेला असे? तोच खुंटा मध्यापासून निम्म्या अंतरावर आणला, तर दुप्पट बल लावावे लागेल. जाते घडवणाऱ्या पाथरवटाने गुणाकार मांडला नसेल, पण खुंट्याची जागा त्याने बरोबर निवडली होती.

मोटारीच्या चाकाचा नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळायचा आहे असे समजा. पाना २५ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाशी ४०० न्यूटन बल लावावे लागेल. म्हणजे साधारण ४० किलो वजन पेलण्याइतका जोर. रस्त्यावरचा मेकॅनिक काय करतो? पान्याच्या दांड्यावर एक पोकळ नळी चढवतो. अंतर ५० सेंटिमीटर झाले की २०० न्यूटन, म्हणजे २० किलोंचा जोर पुरतो. नटाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. त्याला १०० न्यूटन-मीटरच मिळतात.

एककाचीही एक गंमत मला काल समजली. बल न्यूटनमध्ये मोजतात, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये. कार्य आणि ऊर्जा यांचे एककही न्यूटन गुणिले मीटर असेच येते, पण तेथे त्याला ज्यूल म्हणतात. टॉर्कला मात्र ज्यूल कधीही म्हणत नाहीत. कार्यात वस्तू बलाच्या दिशेने जितकी सरकते तितके अंतर धरतात. टॉर्कमध्ये अंतर बलाच्या आडवे असते. गंजलेला नट जागचा हलला नाही तरी तुम्ही त्याला टॉर्क देत असता. कार्य मात्र शून्य. शास्त्रज्ञांनी येथे शब्दांची किती काळजी घेतली आहे, हे भाषेच्या शिक्षिकेला फार भावले.

आपल्यापैकी अनेकांचा व्यवसाय वाहनांशी निगडित आहे. या शहराच्या तिरुवोत्तियूरमध्ये १९५० च्या दशकात बुलेट मोटारसायकल तयार होऊ लागली. तिच्या आजच्या ३५० सीसी कुळातील इंजिनाच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात : सुमारे २० अश्वशक्ती आणि २७ न्यूटन-मीटर. गिऱ्हाईक पहिला आकडा विचारते. परंतु चढावर गाडी दोन माणसांसह उचलते ती टॉर्कच्या आधारे. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. म्हणून पहिल्या गिअरमध्ये चाकाचा वेग कमी होतो आणि त्याला मिळणारा टॉर्क वाढतो. घाट चढताना चालक खालचा गिअर टाकतो, तेव्हा तो हाच सौदा करत असतो.

आणि परवा तुम्ही मला मामल्लपुरमला नेऊन ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’ दाखवलात. उतरत्या खडकावर टेकलेली ती प्रचंड शिळा. वजन अंदाजे २५० टन. इंग्रजी अमदानीत सात हत्ती लावूनही ती हलली नाही, असे सांगतात. ती आत्ता गडगडेल असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु तिच्या वजनाची रेषा ती जेथे टेकली आहे त्या बैठकीच्या आतच पडते. तिला थोडी कलवू गेले, तर तिचे स्वतःचे वजनच तिला पुन्हा जागी बसवणारा टॉर्क निर्माण करते. आणि घसरू देत नाही ते खडकाचे घर्षण. वजन हे एरवी पाडणारे बल. येथे तेच सावरते आहे, कारण ते योग्य ठिकाणी पडते आहे.

आता शब्दाकडे वळते. तो माझा प्रांत.

आपली एक समजूत असते की शास्त्रीय शब्द इंग्रजीत आधीपासूनच सिद्ध असतात आणि आपण मात्र ते ओढूनताणून बनवतो. टॉर्कचा इतिहास ही समजूत दूर करतो. तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितला. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे या कल्पनेला ‘टॉर्क’ हे नाव नव्हते. ग्लासगोचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक जेम्स थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले बंधू, यांनी हा शब्द सुचवला, आणि १८८४ साली तो छापील मजकुरात आला. त्याच वर्षी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांनी विद्युत जनित्रांवरील आपल्या ग्रंथात तो वापरला. विजेची यंत्रे फिरू लागली होती. आसाला मिळणाऱ्या या गोष्टीला आटोपशीर नाव हवे होते. मग थॉमसन यांनी काय केले? लॅटिनमधील ‘पिळणे, मुरडणे’ या अर्थाचे क्रियापद घेतले आणि त्यावरून शब्द घडवला. म्हणजे अक्षरशः ‘पीळ’. ज्या शब्दासाठी मी मुलाचा अर्धा गुण कापला, त्याच अर्थाचा शब्द एका थोर प्राध्यापकाने विचारपूर्वक निवडला होता.

तमिळमध्येही तीच वाट दिसते. मुरुक्कू म्हणजे पिळलेले, मुरडलेले. म्हणून चकलीही मुरुक्कू आणि टॉर्कही मुरुक्कु विसै. तमिळनाडूच्या पाठ्यपुस्तकांत ‘तिरुप्पु विसै’ असाही शब्द आहे. तिरुप्पु म्हणजे वळवणे, फिरवणे. विसै म्हणजे बल. येथील मूल घरातला शब्द घेऊन भौतिकशास्त्रात शिरते, हे मला हेवा वाटण्यासारखे वाटते.

आपल्याकडे काय आहे? हिंदी ग्रंथांत ‘बल-आघूर्ण’ रूढ आहे, आणि ‘आघूर्ण’ मराठीतही आढळतो. संस्कृतमधील घूर्ण् म्हणजे गरगर फिरणे. शब्द अर्थाला धरून आहे. ‘परिबल’ हा दुसरा शब्द. ‘परि’ म्हणजे भोवती. मराठी विश्वकोशात ‘निरूढी परिबल’ ही संज्ञा याच शब्दावर उभी आहे. ‘घूर्णबल’ हा तिसरा. तो ऐकायला सोपा, पण त्यात धोका आहे. त्याच्या शेवटी ‘बल’ येते आणि मुलाला वाटते की हा बलाचाच एक प्रकार आहे. ‘परिबला’तही हा धोका थोडा आहे, आणि तमिळच्या ‘विसै’तही. शिक्षकाने तेथे थांबून सांगावे लागते : बाळांनो, हे बल नव्हे, हा बल आणि अंतर यांचा गुणाकार आहे.

मग ‘पीळ’च का घेऊ नये? मी कालपासून हाच विचार करते आहे, आणि अभियंत्यांनी मला एक अडचण दाखवली. मराठीत पीळ म्हणजे पिळण्याची क्रियाही आणि पिळल्यामुळे पडलेला वळसाही. टॉर्क दिल्यावर यंत्राचा दांडा किंचित पिळला जातो. त्यालाही आपण पीळच म्हणू. कारण आणि परिणाम यांना एकच शब्द शास्त्रात चालत नाही. शिवाय मनाचा पीळ आहे, मिशीचा पीळ आहे, सुंभ जळाला तरी न जाणारा पीळ आहे. म्हणून परीक्षेच्या उत्तरात, ग्रंथात ‘परिबल’ किंवा ‘आघूर्ण’ यांसारखा काटेकोर शब्द हवाच. तो शब्द मला टाकायचा नाही. पण त्या शब्दाकडे नेणारी पायरी म्हणून ‘पीळ’ हवा, आणि कारखान्यात जाण्यासाठी ‘टॉर्क’ही हवा. यांतील एक ठेवून बाकीचे दोन खोडण्याची चूक मी केली होती.

परिभाषा घडवण्याचा उद्योग आपल्याला नवा नाही, आणि या दक्षिण देशाशी त्याचा जुना संबंध आहे. शिवछत्रपतींच्या काळी दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केला. हेच रघुनाथपंत त्यापूर्वी व्यंकोजीराजांच्या पदरी तंजावरच्या कारभारात होते. त्या काळातील प्रधान, अमात्य, सचिव, सेनापती ही पदनामे आपण आजही ओळखतो. ‘सचिव’ तर मंत्रालयात रोज वापरला जातो. परंतु कागद, दप्तर, हुकूम, फौज हे शब्दही मराठीतून गेले नाहीत. ते इतके आपले झाले की परके वाटत नाहीत. लोकांच्या वापरात जे शब्द आले ते राहिले, मग ते संस्कृत असोत वा फारसी. पुढे त्याच तंजावरात दुसरे सरफोजी राजे यांनी ‘नवविद्या’ हा शब्द नावात असलेली पाठशाळा चालवली, देवनागरी छापखाना उभारला आणि मराठीत पुस्तक छापवले. दोनशे वर्षांपूर्वी कावेरीच्या काठी नवी विद्या मराठीला परकी वाटत नव्हती. या सभागृहात तंजावरी मराठी बोलणारी काही कुटुंबे बसली आहेत. हे मी त्यांना सांगावे असे नाही.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले आणि विषयवार परिभाषा कोश तयार होऊ लागले. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. हे सारे काम अपार कष्टांचे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु वर्गात उभे राहणाऱ्यांची एक अडचण सांगायला हवी. विश्वकोशात बलाला ‘प्रेरणा’ म्हटले आहे. शालेय पुस्तकांत ‘बल’ आहे. आजच्या मुलाला ‘प्रेरणा’ म्हणजे थोरांच्या चरित्रातून मिळते ती. जिज्ञासू मूल पाठ्यपुस्तक मिटून विश्वकोश उघडते आणि पहिल्याच ओळीला अडखळते. त्याला कोणी सांगत नाही की बाळा, हे दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत. कोश घडवणाऱ्यांनी त्यांचे काम केले. दोन शब्दांच्या मध्ये उभे राहून ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम होते, आणि ते आम्ही पुरेसे केले नाही.

याची किंमत कोण मोजते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले आपले मूल अकरावीला जाते आणि पहिल्याच महिन्यात गप्प होते. काल तुमच्यापैकी एकीने मला सांगितले, “बाई, अकरावीत सरांनी टॉर्क लिहिलं तेव्हा मला वाटलं ही काहीतरी फार अवघड नवी गोष्ट आहे. दिवाळीत घरी आले, आईला कपडे पिळताना पाहिलं, आणि मग कळलं. पण तोपर्यंत दोन चाचण्या गेल्या होत्या.” ती आज एका नामवंत कारखान्यात गुणवत्ता तपासते. पण सगळ्याच मुलांना आपली दिवाळी वेळेवर सापडत नाही. काही जण तेथेच शास्त्र शाखा सोडून देतात, आणि आपल्याला डोके कमी आहे असे आयुष्यभर समजतात. डोके कमी नसते. ओळखीच्या वस्तूचे नवे नाव त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पालकही हे पाहतात आणि म्हणतात, मग पहिल्यापासून इंग्रजीतच घाला. जूनमध्ये वर्ग भरण्यासाठी आम्ही शिक्षिका दारोदार फिरतो तेव्हा हाच प्रश्न समोर येतो. त्याला नुसते ‘मातृभाषेचा अभिमान’ असे उत्तर देऊन चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आमचे उत्तर वर्गात दिसले पाहिजे. तुमचे मूल मराठीत पक्के समजून घेईल आणि दहावीतून बाहेर पडताना त्या समजुतीचे इंग्रजी नावही बरोबर नेईल, असे आम्हाला सांगता आले पाहिजे, आणि ते खरे असले पाहिजे.

म्हणून हीरकमहोत्सवी वर्षात एक लहान काम हाती घ्यावे असे मनात आहे. विज्ञानखोलीच्या भिंतीवर तीन रकाने आखायचे. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकाचा, तिसऱ्यात जगाचा. पीळ, परिबल, टॉर्क. पुढे ओळीत जोर, बल आणि फोर्स. मुलांनी घरून, शेतातून, गॅरेजमधून, मागावरून शब्द आणायचे आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी ते तपासायचे. कोणता शब्द कोठे पुरतो आणि कोठे अपुरा पडतो, हे मुलांसमोर बोलायचे. तपासताना शब्द खोडायचा नाही; त्याच्या शेजारी लिहायचे.

यासाठी तुमच्याकडून वर्गणी नको, शब्द हवेत. तुम्ही रोज ज्या यंत्रांवर काम करता, त्यांतील भागांची आणि क्रियांची नावे तुमचे कारागीर काय घेतात, ते लिहून पाठवा. तमिळ शब्दही पाठवा. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. एक चौथा रकाना आखायला आम्हाला जड जाणार नाही. ‘मुरुक्कु विसै’ वाचून आमची मुले हसतील, आणि चकली पुन्हा खाताना त्यांना टॉर्क आठवेल.

त्या लहान मुलीला मी काल उत्तर दिले ते असे : “घरात पीळ म्हण, पुस्तकात परिबल लिही, आणि बाबांच्या वर्कशॉपमध्ये टॉर्क म्हण, आणि तिन्ही ठिकाणी लक्षात ठेव, की हात कुठे धरलास त्याला महत्त्व आहे.” तिने टॉर्क रेंच मागून घेतला. पहिल्यांदा ती मधोमध धरून ओढत होती, तेव्हा काही हलेना. मग स्वतःच तिने हात दांड्याच्या टोकाशी नेला, दोन्ही पाय रोवले आणि ओढले. ‘टक्’ झाले.

राहता राहिला तो अर्धा गुण. वीस वर्षांपूर्वीची उत्तरपत्रिका शाळेत शिल्लक नाही, तेव्हा तो तेथे वाढवता येत नाही. म्हणून येथे, इतक्या लोकांसमक्ष, वाढवते. बाळ, तुझे उत्तर बरोबर होते. चूक माझी होती.